घरी हार्ट पेशंट आहे? मग या चुका टाळा

अटॅक येऊन गेला, अँजिओप्लास्टी झाली, डिस्चार्ज मिळाला की पहिले काही दिवस घरातले सगळे डोळ्यांत तेल घालून लक्ष देतात, आणि मग पेशंट जरा हिंडाफिरायला लागला की सगळं ढिलं पडतं. मी हार्टच्या पेशंटची नर्सिंग करते, त्यामुळे घरच्यांची माया किती असते ते रोज बघते, म्हणून जरा कळकळीनेच लिहितेय.

सगळ्यात घातक चूक म्हणजे "गॅस झालाय". छाती जड वाटतेय, दरदरून घाम आलाय, जबडा नाहीतर हात दुखतोय आणि घरात ओवा, ईनो, पाठ चोळणं चालू. अहो, ज्याला आधी अटॅक येऊन गेलाय त्याच्या बाबतीत असं काही झालं की आधी हार्टच धरायचं, गॅस नंतर. डायबेटिस असेल तर कधीकधी छातीत दुखतच नाही, नुसती धाप लागते, गळून गेल्यासारखं होतं, बायकांमध्येही असं बरेचदा दिसतं.

सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीत दुखलं की घ्यायची गोळी, सगळ्यांच्या खिशात असते पण द्यायची कशी हे माहीत नसतं. पेशंटला आधी बसवा, गोळी जिभेखाली ठेवा, पाण्याबरोबर गिळायला लावू नका. उभ्या उभ्या दिली तर बीपी एकदम खाली येऊन माणूस पडतो. वरचं बीपी ९० च्या खाली असेल तर देऊ नका, आणि लोक लाजतात पण विचारावंच लागतं, सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिलसारखी लैंगिक ताकदीची गोळी एक-दोन दिवसांत घेतली असेल तर सॉर्बिट्रेट अजिबात नाही. पाच मिनिटांत बरं वाटलं नाही तर १०८ ला फोन. बाईकवर मध्ये बसवून नेणं, तीन मजले चालत उतरवणं हे नको, खुर्चीत बसवून दोघांनी उचलून आणा.

रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. दाढ काढायची म्हणून, नाहीतर हातावर काळेनिळे डाग दिसले म्हणून बंद करतात, आणि स्टेंट (अँजिओप्लास्टीत नसेत बसवलेली जाळी) नवीन असताना ही गोळी सुटली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. अटॅकनंतर साधारण वर्षभर दोन गोळ्या असतात, त्यातली कुठली कधी थांबवायची ते हार्टच्या डॉक्टरांनाच विचारा. याच्या उलटंही होतं, इकोस्प्रिन एव्हीमध्ये कोलेस्टेरॉलची गोळी असतेच, तरी त्याच औषधाची, ॲटोर्वास्टॅटिनची, जुनी पट्टीही चालू राहते. मेडिकलवाला पट्टी कापून देतो तेव्हा नावाचा तुकडा त्याच्याकडेच राहतो, मग कोणती कशाची तेच कळत नाही, म्हणून नाव दिसेल अशीच पट्टी मागून घ्या. आणि गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन परस्पर देऊ नका, त्याने अंगात पाणी साठतं, किडनीवर ताण येतो.

आता वजन. ज्यांच्या हार्टचं पंपिंग कमी आहे त्यांच्यासाठी वजनकाटा बीपीच्या मशीनइतकाच महत्त्वाचा, पण तो पलंगाखाली धूळ खात पडलेला असतो. सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज साधारण तसल्याच कपड्यात वजन करा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात लिहून टाका. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नाही, पाणी आहे. नडगीवर बोट दाबून बघा, खड्डा राहतो का. रात्री एका उशीवर झोपणारा माणूस दोन उशा मागायला लागला, आडवं झालं की खोकला येतो म्हणून उठून बसायला लागला, तर अपॉइंटमेंटच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. लग्नाला, प्रवासाला जायचंय, सारखं बाथरूमला जावं लागेल म्हणून लघवीची गोळी (अंगातलं जादा पाणी काढणारी) गाळणं ही तर घराघरातली चूक, गोळी गाळू नका, त्या दिवशी वेळ बदलता येईल का ते विचारा.

मिठाचं सांगायचं तर सैंधवातही सोडियम असतंच. लो सोडियम मिठात पोटॅशियम असतं आणि रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन या बीपी-हार्टच्या गोळ्या चालू असताना ते रक्तात जास्त झालं तर हार्टचे ठोके बिघडतात, म्हणून विचारल्याशिवाय आणूच नका. लोणचं, पापड, खारी, फरसाण यांतही मीठच असतं. पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर ताक, आमटी, चहा सगळं त्यात धरायचं.

बीपी शर्टाच्या बाहीवरून, जिना चढून आल्या आल्या घेऊ नका. पाच मिनिटं शांत बसवा, पाय जमिनीला टेकलेले, दंड छातीच्या उंचीला, आणि मध्ये गप्पा नकोत.

आणि एक, "बाबा तुम्ही उठू नका, मी देतो" असं दिवसभर करू नका. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तेवढं चालू द्या, चालता चालता बोलता येतंय इतपत वेग ठेवा. बाथरूमला आतून कडी लावू देऊ नका, पोट साफ राहील असं बघा, कुंथायला लागणं बरं नाही. अटॅकनंतर बरेच जण गप्प गप्प होतात, जेवण कमी होतं, रात्री जागे राहतात, त्याला हट्टीपणा म्हणू नका, पुढच्या व्हिजिटला हेही डॉक्टरांच्या कानावर घाला.