फर्स्ट लेगो लीगच्या संघाला तयार करताना

फर्स्ट लेगो लीग ही मुलांच्या संघांची लेगो-रोबोंची स्पर्धा. तिच्या चॅलेंज गटात टेबलावरच्या ठरावीक कामगिऱ्या पार पाडायला रोबोला एका फेरीत अवघी अडीच मिनिटे मिळतात; म्हणून प्रशिक्षकाने सगळ्या कामगिऱ्या पूर्ण करण्याचा मुलांचा हट्ट सोडवून, दहापैकी नऊ वेळा हमखास जमतील अशा मोजक्याच निवडायला लावाव्यात आणि प्रत्येक चाचणीची नोंद वहीत ठेवायला सांगावी. रोबो चुकला की मुले लगेच प्रोग्रॅम बदलू लागतात. दोष मात्र पुष्कळदा अन्यत्र असतो: चाकांवर धूळ बसलेली असते, बॅटरी उतरलेली असते किंवा रोबो सुरुवातीलाच किंचित तिरका ठेवलेला असतो. तो दरवेळी एकाच जागी ठेवता यावा यासाठी लेगोच्याच तुकड्यांची टेकणपट्टी करावी, आणि जायरो सेन्सर (रोबो किती वळला ते मोजणारा) शून्यावर आणताना रोबोला हात लावू नये. जेथे टेबलाची कड जवळ असेल तेथे तिला रोबोची पाठ टेकवून दिशा सरळ करून घेणे मला सेन्सरपेक्षाही अधिक भरवशाचे वाटते.

जोडणी आणि प्रोग्रॅम मुलांनीच करावेत (हात आवरणे हेच प्रशिक्षकाचे सर्वांत अवघड काम!). परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरेही त्यांनाच द्यायची असल्याने, दर सरावात एखाद्या अबोल मुलाला ‘हा भाग असाच का जोडला?’ असे अवश्य विचारावे.