आवडता पोर्ट्रेट फोटो नीट बघायचा कसा, मेरिलिन मन्रोच्या एका फोटोवरून

कुणा सेलिब्रिटीचा एखादा फोटो तुम्हाला वर्षानुवर्षं आवडतोय पण का आवडतोय ते सांगता येत नाही, असं असेल तर मी काय केलं ते सांगतो, तसं करून बघा. माझा फोटो म्हणजे अमेरिकन फोटोग्राफर रिचर्ड अ‍ॅव्हेडनने ६ मे १९५७ ला न्यूयॉर्कमध्ये काढलेला हॉलिवूडची नटी मेरिलिन मन्रोचा ब्लॅक अँड व्हाइट पोर्ट्रेट. उडत्या पांढऱ्या ड्रेसमधला तो हसरा फोटो नाही हां. यात ती चमचमत्या टिकल्यांच्या ड्रेसमध्ये आहे, खांदे सैल पडलेत, ओठ किंचित उघडे, आणि नजर कॅमेऱ्याकडे नाहीच, बाजूला कुठेतरी हरवलीय.

आधी फोटो नीट मिळवा. फॉरवर्डमध्ये फिरणारे क्रॉप केलेले, रंग भरलेले, खाली सुविचार चिकटवलेले नकोत, एखाद्या म्युझियमच्या साइटवरचा पूर्ण फ्रेमचा घ्या आणि मोबाईलवर न बघता मोठ्या स्क्रीनवर बघा. फोटोबद्दल काही वाचायच्या आधी दहा मिनिटं नुसतं बघत बसा, कंटाळा येईल, येऊ द्या.

मग हाताने फोटोचा एकेक भाग झाकायचा. सगळ्यात जास्त मला यातूनच कळलं. चेहरा झाकला तर खाली पार्टीला निघालेली बाई दिसते, सगळा झगमगाट. ड्रेस झाकला तर वर एक दमलेली बाई, कुणीही असू शकेल, बस स्टॉपवरची सुद्धा. हात काढला की दोन्ही एकदम दिसतात आणि पोटात तुटतं. तुमच्या फोटोत ते डोळे आणि हात असतील, नाहीतर चेहरा आणि मागची भिंत असेल, पण एकमेकांशी न जुळणाऱ्या अशा दोन गोष्टी बहुतेक सापडतातच.

आता माहिती वाचा. अ‍ॅव्हेडनने नंतर सांगितलंय की त्या दिवशी ती कितीतरी तास नाचत होती, गात होती, लाडात येत होती, म्हणजे जग जिला मेरिलिन मन्रो म्हणतं ती व्यक्ती ती उभी करत होती. मग सगळं संपलं आणि ती कोपऱ्यात लहान मुलीसारखी गप्प बसली. त्याला तिच्या नकळत फोटो काढायचा नव्हता, तो कॅमेरा घेऊन जवळ गेला तेव्हा ती नाही म्हणत नाहीये एवढं त्याला दिसलं, आणि मग त्याने काढला. तेव्हा ती एकतीस वर्षांची सुद्धा नव्हती, आणि पुढे १९६२ च्या ऑगस्टमध्ये गेलीच.

यानंतरचा प्रश्न महत्त्वाचा, हा चेहरा मी आधी कुठे पाहिलाय? "सुंदर", "ग्रेट" असं काही लिहू नका, माणूस आठवा. मला आठवले अण्णा. माझे वडील बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, लग्नसराईत एका दिवसात दोन दोन सुपाऱ्या, आणि वरातीत लोकांना नाचवून रात्री एक वाजता घरी आले की तो सोनेरी झालरीचा लाल कोट न काढताच ओट्यावर बसून राहायचे, बोलायचे नाहीत. लहानपणी मला वाटायचं माझ्यावर चिडलेत. चिडलेले नव्हते, दिवसभर दुसऱ्यांच्या आनंदाला पुरवलेला श्वास संपलेला असायचा, आणि हे मला त्या फोटोपुढे बसल्यावर कळलं, वयाच्या चौतिसाव्या वर्षी.

आठवलेलं लगेच लिहून काढा, अर्धं पान पुरे, तारीख घाला.

आणि जमलं तर आपल्या माणसाचा एक फोटो काढा. त्यासाठी मुद्दाम कपडे घालायला लावू नका, काम संपल्यावर माणूस जसा बसतो तसाच हवा. फ्लॅश बंद, ब्युटी फिल्टर बंद, खिडकीचा किंवा दाराचा उजेड बाजूने येऊ दे. फोन अगदी तोंडाजवळ नेला की नाक मोठं येतं, त्यामुळे पाच-सहा फूट लांब बसून थोडं झूम करा. "हसा" म्हणायचं नाही. गप्प बसायचं, आपणही दमलेले असलो तर उत्तमच. पण विचारल्याशिवाय काढू नका, झोपेत किंवा रडताना तर नाहीच, हे मी कळकळीने सांगतोय.

अण्णांची शेवटची सुपारी गेल्या मे महिन्यात झाली, एका मंगल कार्यालयात, दुपारचं लग्न होतं. मंडळी पंगतीला गेली तेव्हा ते मागच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, कोट तोच. मी विचारलं, "अण्णा, एक काढू का?" ते काही बोलले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बाहेर बघत राहिले.