सेमी-कस्टम पिस्तूल निवडताना पैसे कशाचे मोजावेत

सेमी-कस्टम पिस्तूल म्हणजे निर्मात्याच्या ठरलेल्या मॉडेलवर आधारलेले, पण ग्राहकाने निवडलेल्या पर्यायांनुसार कुशल कारागिराने हाताने जुळवलेले पिस्तूल. सर्वसाधारण पिस्तुलाच्या काही पट किंमत त्यासाठी द्यावी लागते आणि त्यातला मोठा वाटा पोलादाचा नसून कारागिराच्या तासांचा असतो. म्हणून ते तास नेमके कुठे खर्च झाले आहेत, हे ग्राहकाला ओळखता आले पाहिजे.

या वर्गात आजही १९११ पद्धतीच्या पिस्तुलांचे वर्चस्व आहे. जॉन ब्राउनिंग यांचा हा आराखडा अमेरिकी सैन्याने १९११ मध्ये स्वीकारला आणि १९८५ मध्ये बेरेटा कंपनीच्या पिस्तुलाची निवड होईपर्यंत तेच सैन्याचे मुख्य पिस्तूल राहिले. त्याचा ट्रिगर सरळ मागे सरकतो, त्याचे भाग कानशीने घासून एकमेकांशी अचूक बसवता येतात आणि त्यामुळेच नेमबाजांनी व कारागिरांनी त्यावर पिढ्यान्‌पिढ्या काम केले. विल्सन कॉम्बॅट, नाइटहॉक कस्टम, एड ब्राउन आणि लेस बेअर ही या क्षेत्रातील परिचित नावे आहेत. नाइटहॉकमध्ये एक पिस्तूल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच कारागीर जुळवतो.

कोणतेही मॉडेल पाहण्याआधी वापर ठरवावा. निशाणेबाजीसाठी किंवा पहिल्याच खरेदीसाठी ५ इंच नळीचे पूर्ण आकाराचे पिस्तूल घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मूळ आराखडा त्याच लांबीसाठी आखलेला आहे. नळी ३.५ इंचांपर्यंत आखूड केली की स्लाइडचा, म्हणजे नळीवरून मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाचा, प्रवास कमी होतो, स्प्रिंगचे गणित नाजूक होते आणि काडतूस अडकण्याची शक्यता वाढते. चांगला कारागीर ही अडचण बरीच कमी करतो, परंतु त्याच पैशात पूर्ण आकाराचे पिस्तूल अधिक विश्वासार्ह मिळते.

आता जुळणीकडे वळू. अनेकजण स्लाइड आणि फ्रेम हलवून पाहतात आणि थोडीही हालचाल जाणवली नाही की पिस्तूल उत्तम मानतात. हा निकष अपुरा आहे. साइट्स (नेम धरण्याच्या खुणा) स्लाइडवर असतात, त्यामुळे प्रत्येक गोळीनंतर नळी स्लाइडमध्ये नेमकी त्याच जागी परत येते की नाही, यावर अचूकता मुख्यतः ठरते. नळीचे पुढचे टोक बुशिंगमध्ये (तोंडाशी तिला धरणाऱ्या कड्यात), मागचे टोक स्लाइडच्या खाचांमध्ये आणि खालचे लग्ज (उंचवटे) स्लाइड स्टॉपच्या, म्हणजे स्लाइड अडवणाऱ्या खटक्याच्या, पिनवर कसे बसतात, यातच कारागिराचे खरे कौशल्य असते. पिस्तूल रिकामे असल्याची स्वतः खात्री करून, विक्रेत्याच्या परवानगीने स्लाइड पूर्ण बंद असताना नळीच्या मागच्या भागावर अंगठ्याने दाब द्यावा. नळी खाली दबत असेल, तर स्लाइड कितीही घट्ट असली तरी ती जुळणी या किमतीला शोभणारी नाही. त्यानंतर स्लाइड हाताने सावकाश मागे-पुढे न्यावी. ती संपूर्ण प्रवासात एकसारखी सरकली पाहिजे, मध्येच खरखरता कामा नये. रिकाम्या चेंबरवर (नळीतील काडतुसाच्या जागेवर) स्लाइड सोडून आपटू देऊ नये, कारण त्याचा मार हॅमर (घोडा) आणि त्याला अडवून धरणाऱ्या सिअरच्या बारीक कडांवर बसतो.

घट्टपणाचीही किंमत असते. लेस बेअरची पिस्तुले नवी असताना इतकी घट्ट असतात की त्या मोकळ्या होण्यासाठी सुरुवातीला सुमारे ५०० गोळ्या झाडाव्या लागतात. त्या बदल्यात कंपनी ५० यार्डांवर ३ इंचांच्या गटाची (गोळ्या तेवढ्याच जागेत लागण्याची) आणि जादा शुल्कात १.५ इंचांच्या गटाची हमी देते. स्पर्धक नेमबाजाला ही हमी मोलाची वाटेल. स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगणाऱ्याला तेवढ्या अचूकतेपेक्षा धूळ आणि मळ सहन करणारी किंचित मोकळी जुळणी अधिक उपयोगी पडते.

ट्रिगर ३.५ ते ४.५ पाउंडांच्या दाबावर, आधी न खरडता, एकदम सुटला पाहिजे. सेफ्टी तपासण्यासाठी रिकाम्या पिस्तुलाचा हॅमर चढवून सेफ्टी लावावी, ट्रिगर दाबून सोडावा, मग सेफ्टी काढावी. या वेळी हॅमर पडला किंवा हलका टिक आवाज आला, तर ते पिस्तूल तिथेच परत द्यावे. मुठीच्या मागची ग्रिप सेफ्टी न दाबता ट्रिगर ओढूनही पाहावा. हॅमर पडता कामा नये. हॅमर, सिअर आणि एक्स्ट्रॅक्टर (काडतूस चेंबरमधून बाहेर ओढणारी आकडी) कोणत्या पोलादापासून व कोणत्या पद्धतीने घडवले आहेत, हे विचारायला संकोचू नये. या आराखड्यातील एक्स्ट्रॅक्टर स्वतःच स्प्रिंगचे काम करतो, म्हणून तो उत्तम स्प्रिंग-पोलादाचा असावा आणि त्याचा ताण हाताने जुळवलेला असावा. काडतूस बाहेर काढण्यातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच सापडते.

दिखाव्याच्या गोष्टींवर फार वेळ घालवू नये. फ्रेमच्या पुढच्या भागावरील चेकरिंग (बारीक चौकटीच्या खाचा) पकड सुधारते, म्हणून ते सार्थ आहे; नक्षीकाम आणि दुर्मीळ लाकडाच्या मुठी निव्वळ आवडीच्या. घाम आणि दमट हवेत वापरायचे असेल, तर निळसर ब्लूइंगपेक्षा स्टेनलेस पोलाद, हार्ड क्रोम किंवा डीएलसी (हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचा) लेप निवडावा.

मोबदल्याच्या दृष्टीने पाहिले, तर साध्या पिस्तुलापासून डॅन वेसनसारख्या कंपनीच्या उत्तम उत्पादनापर्यंतची पहिली झेप सर्वांत मोठा फरक देते. त्यापुढचा प्रत्येक टप्पा महाग होत जातो आणि सुधारणा मात्र लहान होत जाते. ज्याला तो लहान फरक निशाण्यावर दाखवता येतो, त्यानेच तो विकत घ्यावा. इतरांनी उरलेले पैसे काडतुसांवर आणि प्रशिक्षणावर खर्च करावेत. वापरलेले पिस्तूलही चांगला पर्याय ठरू शकते, मात्र मधल्या मालकाने आतले भाग बदललेले नसावेत आणि निर्मात्याची हमी नव्या मालकाला लागू होते का, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

मागणी नोंदवण्यापूर्वी स्थानिक कायद्यानुसार परवाना आणि कॅलिबरची मुभा पक्की करावी. निर्माता सांगेल त्याच मॅगझिन घ्याव्यात, कारण उत्तम जुळणीचे पिस्तूलही निकृष्ट मॅगझिनमुळे अडते, आणि सोबत स्लाइड पुढे ढकलणाऱ्या रिकॉइल स्प्रिंगचा एक जादा संच मागवावा.