स्पॅनिश क्रियापदं मराठीतून कशी शिकावीत

स्पॅनिश शिकणारे आपल्यातले बरेच जण इंग्रजी पुस्तक उघडतात आणि क्रियापदांच्या तक्त्यापाशी अडतात. एका क्रियापदाची सहा रूपं हे इंग्रजी बोलणाऱ्याला संकट वाटणारच. आपण मात्र जातो, जातेस, जातात असं म्हणतच मोठे झालो, वर लिंगही सांभाळलं. स्पॅनिश वर्तमानकाळात ती भानगड नाही. 'आब्लो' म्हणजे बोलतो आणि बोलतेसुद्धा.

आधी 'आब्लार' (बोलणे) घ्या. शेवटचा 'आर' काढा आणि प्रत्यय लावा: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. म्हणजे मी, तू, तो किंवा ती, आम्ही, तुम्ही, ते. पाचवं रूप मुख्यतः स्पेनमधलं. मेक्सिकोच्या लोकांशी बोलायचं असेल तर ते खुशाल सोडा, तिथे 'तुम्ही'लाही सहावंच चालतं. पुढे 'कोमेर' (खाणे): कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेन. 'विविर' (राहणे) याच चालीवर जातं, फक्त 'आम्ही'ला विविमोस. कर्ता बोलू नका. आपण तरी निघताना 'येतो हं' एवढंच म्हणतो ना?

मग अनियमित रूपं. 'पोदेर' (शकणे) मध्ये मधला स्वर फुटतो: पुएदो, पुएदेस, पुएदे, पुएदेन. 'आम्ही'चं पोदेमोस मात्र शाबूत राहतं. अशी बरीच क्रियापदं आहेत, म्हणून ती गटाने पाठ करा.

भूतकाळात मराठीचा खरा फायदा दिसतो. 'कोमी' म्हणजे खाल्लं. 'कोमीआ' म्हणजे खायचो किंवा खात होतो. इंग्रजीतून हा फरक समजावायला पानं खर्ची पडतात. 'मे गुस्ता एल मांगो' हे तर थेट 'मला आंबा आवडतो'. आंबे अनेक झाले की आवडतात, तसंच तिकडे 'मे गुस्तान'.

एका ठिकाणी मात्र मराठी दगा देते. आपल्या एका 'आहे'साठी तिथे 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदं आहेत. कंटाळलेल्या मुलाने 'एस्तोय आबुर्रिदो' म्हणायचं. 'सोय आबुर्रिदो' म्हटलं तर 'मी कंटाळवाणा माणूस आहे' अशी कबुली होते! इथे नियम घोकण्यापेक्षा अशा जोड्या लिहून ठेवा.

शब्दसंग्रहासाठी पोर्तुगीजांनी आपल्याकडे ठेवलेलं सामान उपयोगी पडतं, कारण ती भाषा स्पॅनिशची सख्खी बहीण. पाव तिथे 'पान', बादली 'बाल्दे', चावी 'याबे'. 'पागार' म्हणजे पैसे देणे, आपला पगार त्याच घरातला. पेरूशी जुळणारं 'पेरा' मात्र नासपती निघतं.

नाम एकटं लिहू नका, 'ला याबे' असं उपपदासकट लिहा, म्हणजे लिंगही लक्षात राहतं. रोज सातआठ शब्द पुरेत. ते दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने झाकून आठवा. नुसतं वाचून गेलात तर ते ओळखीचे वाटतात, पण बोलताना तोंडात येत नाहीत.

रात्री दिवसभराची चार वाक्यं लिहा: 'कोम्प्रे पान', पाव विकत घेतला. लिहिलेलं मोठ्याने वाचा, कारण 'आब्लो'चा जोर पहिल्या अक्षरावर दिला तर मी बोलतो, शेवटच्यावर दिला तर तो बोलला.