कबड्डी बघताना मागचं पोर लाथा मारतंय?

आई-बाबा मोबाइलमध्ये गुंग आणि पोर तुमच्या खुर्चीला लाथा मारतंय, अशा वेळी पालकांवर आवाज चढवू नका. ते लगेच लेकराची बाजू घेतात. आधी पोराशीच बोला. "बाळा, चढाई 30 सेकंदांची असते, माझ्यासाठी मोजतोस का?" एवढं विचारलं की ते मोठ्यानं मोजायला लागतं आणि पाय आपोआप थांबतात. मी हे कितीदा तरी केलंय. पालकांशी मध्यंतराच्या 5 मिनिटांत, हळू आवाजात बोला.

मूल मैदानाच्या रेषेजवळ पळत असेल तर मात्र मध्यंतराची वाट बघू नका, लगेच स्वयंसेवकाला हाक मारा. पकडीत तीन-चार गडी एकदम रेषेबाहेर कोसळतात, त्यांच्याखाली लहान जीव सापडू शकतो.