गोठा, वर्ग आणि प्रयोगशाळा: तिन्ही सांभाळायचं असेल तर

पशुवैद्यक होऊन प्रॅक्टिस, शिकवणं आणि संशोधन तिन्ही करायचं ठरवलं असेल, तर सुरुवात गोठ्यातूनच करा, असं माझं ठाम मत आहे. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. ते नुसत्या सह्या गोळा करण्यात घालवू नका. राज्य पशुवैद्यक परिषदेत नोंदणी झाली की थोडा काळ तालुक्याच्या गावी काम करा.

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-कारंजा भागात पावसाळ्यात संकरित गाय तापानं फणफणली आणि खांद्यापुढची गाठ सुजली, की पहिली शंका गोचीड तापाची, म्हणजे गोचिडांतून पसरणाऱ्या थायलेरिया या परजीवीची. घाईत असलेला डॉक्टर इंजेक्शन देऊन निघतो. तुम्ही आधी कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घ्या, काचपट्टीवर पातळ पसरवा, वाळवा आणि मिथेनॉलमध्ये बुडवा. सुजलेल्या गाठीतून सुईनं द्रव काढून दुसरी पट्टी करा. गिम्सा रंग दिल्यावर पांढऱ्या पेशींत निळसर कॉख बॉडीज, म्हणजे या परजीवीचे पुंजके दिसले, तर बुपार्व्हाक्वोन हे त्यावरचं औषध कशासाठी देतोय ते पक्कं कळतं.

पट्टीवर तारीख आणि गाव लिहा. वहीत गाईचं वय, जात, गोचिडांचं प्रमाण, दिलेलं औषध आणि पुढे काय झालं ते. दगावलेल्या जनावरांची नोंद तर हमखास ठेवा. बऱ्या झालेल्यांवरूनच निष्कर्ष काढला तर तो फसवा निघतो. आमची देशी गवळाऊ गाय त्याच गोचिडांत टिकते आणि संकरित का आडवी होते, असा प्रश्न याच वहीतून उभा राहतो. प्रबंधाचा विषय तिथेच शोधा. वर्गातही मी पुस्तकातल्या चित्राआधी गावातली पट्टीच दाखवते. पोरं सूक्ष्मदर्शकावरून उठत नाहीत.

मग एम. व्ही. एस्सी., म्हणजे पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी करा. नागपूरचं महाविद्यालय १९५८ पासूनचं, अकोल्याला पदव्युत्तर संस्था आहे, दोन्ही माफसूच्या, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या. सहायक प्राध्यापक व्हायचं तर एएसआरबीची (कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची) नेट ही पात्रता परीक्षा आणि पीएच. डी. यांची तयारी ठेवा. नोकरी लागली की खाजगी प्रॅक्टिसचे नियम लेखी विचारून घ्या. रुग्ण पाहायला महाविद्यालयाचं चिकित्सालय असतंच.

नमुना घेताना ढोरमालक विचारतोच, "रक्त काऊन घेता जी?" त्याला सरळ सांगा, त्याची परवानगी घ्या आणि निकाल फोनवर कळवा. निकाल कळवलेला माणूस पुढच्या वेळी जनावर आडवं पडण्याआधी बोलावतो, आणि उपचाराआधीचा नमुना तेव्हाच मिळतो.