डेबियन १२ टाकल्यावर मेनूतून विंडोज गायब: माझा अनुभव

घरचा जुना लॅपटॉप, एका डिस्कवर डेबियन ११ (लिनक्सचा एक प्रकार) आणि विंडोज १०. डेबियन १२ वर अपग्रेड करून रीस्टार्ट केला, तर ग्रबच्या (सुरू होताना कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत एकटं डेबियन. बाबांचं टॅली विंडोजमध्ये, रिटर्न भरायला दोन दिवस. पोहेसुद्धा घशाखाली उतरेनात.

ग्रब दोनदा नव्याने टाकला, फरक शून्य. जेल रोडवरचा एक दुकानदार म्हणाला, "फॉर्मॅट मारावं लागेल." मारू नका! टर्मिनलमध्ये 'एलएसबीएलके -एफ' दिलं, तर विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन (डिस्कचा भाग) जागच्या जागी होतं. डेटा शाबूत, फक्त मेनूला त्याचा पत्ता नव्हता.

कारण असं, की डेबियन १२ मधला ग्रब दुसऱ्या सिस्टिम आपणहून शोधत नाही. हे शोधायचं काम करणारा 'ओएस-प्रोबर' सुरक्षेसाठी बंद असतो. आधी ते पॅकेज आहे ना, ते पाहिलं. मग सुडोने (म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) 'ईटीसी'मधल्या 'डिफॉल्ट' फोल्डरातली 'ग्रब' फाइल उघडली. शेवटी एक ओळ जोडली: ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स. टाइप इंग्रजीतच करायचं. 'फॉल्स' लहान अक्षरांत, बाकी सगळं मोठ्या, मध्ये स्पेस नको (माझा पहिला प्रयत्न स्पेसनेच फसला). सेव्ह करून 'सुडो अपडेट-ग्रब'. 'फाउंड विंडोज १०' अशी ओळ दिसली की मगच रीस्टार्ट.

टॅली उघडलं. अपग्रेडमध्ये जुनी ग्रब फाइल राखली असेल, तर ही ओळ तिच्यात नसतेच, आपणच जोडावी लागते.